जिल्हाध्यक्ष ढिम्म, कार्यकर्ते हैराण: नवी मुंबईत करायचं काय?

घणसोलीतल्या एका कार्यकर्त्याचा प्रश्न थोडक्यात असा. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी वर्षभरात एकही बैठक लावलेली नाही. कार्यकारिणीत शंभरावर नावं आहेत, पण मोर्चाला पंधरा डोकी जमत नाहीत. महापालिकेच्या निवडणुकीत पाच वर्षं राबणाऱ्याला डावलून शेवटच्या दिवशी भलत्याच्याच हातात पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म पडला. वरिष्ठांना भेटलं की 'बघतो' म्हणतात. मग अध्यक्ष बदलायचा कसा, की पक्षच सोडायचा? पक्षाचं नाव त्यांनी सांगितलेलं नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत हाच प्रश्न निदान तीन-चार पक्षांतले लोक विचारत असतात.

सुरुवात तक्रारीपासून करू, कारण बहुतेकांची शक्ती तिथेच खर्ची पडते. आपला अध्यक्ष कुचकामी आहे हे प्रदेश कार्यालयाला ठाऊक नाही, या समजुतीवर तक्रारी लिहिल्या जातात. तिथे सगळं ठाऊक असतं. किंबहुना पुष्कळदा तो तसा आहे म्हणूनच तिथे बसवलेला असतो. दमदार शहराध्यक्ष उद्या विधानसभेचं तिकीट मागतो, जागावाटपात अडून बसतो, आमदाराला डोईजड होतो. ढिम्म अध्यक्षाकडून कोणालाच धोका नाही. त्यामुळे 'अध्यक्ष काम करत नाहीत' ही वरच्यांसाठी बातमीच नव्हे. त्याच्या ढिम्मपणामुळे कुठल्या बूथवर किती मतं गेली, हे दाखवलंत तर ती बातमी होते. ती कशी तयार करायची, ते पुढे येईलच.

नवी मुंबईत हा आजार जास्त बळावला, त्याला कारण आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये महापालिकेची निवडणूक झाली, १११ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. मे २०२०मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसला. त्यानंतर मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ला. ठाण्यातही मार्च २०२२पासून प्रशासकच होता. इतकी वर्षं नगरसेवक नाहीत म्हणजे प्रभागात कोणाला जाब विचारायला नको आणि कोणाला तयार करायलाही नको. संघटना चालली ती फक्त लोकसभा-विधानसभेपुरती, तीही उमेदवाराच्या पैशावर आणि उमेदवाराच्या माणसांवर. शिवाय इथल्या बहुतेक संघटना आधीपासूनच माणसाभोवती बांधलेल्या. सप्टेंबर २०१९मध्ये गणेश नाईक भाजपमध्ये गेले तेव्हा नगरसेवकांचा मोठा गट त्यांच्याबरोबर गेला. जुलै २०२२मध्ये ठाण्यात शिवसेनेच्या ६७ पैकी ६६ माजी नगरसेवकांनी एकनाथ शिंदे यांची साथ धरली. कोण बरोबर, कोण चूक हा इथला मुद्दा नाही. अशा वेळी मागे उरलेल्या पक्षाकडे ना बूथनिहाय यादी असते, ना फोन नंबर. सगळं नेत्याच्या स्वीय सहायकाच्या लॅपटॉपवर गेलेलं असतं.

म्हणून आधी तपासा, अध्यक्ष नेमका कशात कमी पडतो. भाषण येत नाही, टीव्हीवर दिसत नाही, बॅनरवर फोटो लहान छापतो, हे सगळं सोडून द्या. एकच कागद बघा: बीएलएची यादी. मान्यताप्राप्त पक्षाला मतदारयादीच्या प्रत्येक भागासाठी, म्हणजे बूथला, एक मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी, म्हणजेच बीएलए, नेमता येतो. प्रदेशाकडून विधानसभा मतदारसंघापुरता अधिकार मिळालेला माणूस तो बीएलए-१. तो ज्यांना बूथवर नेमतो ते बीएलए-२. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा हा भाग १५० क्रमांकाच्या ऐरोली मतदारसंघात येतो. तिथल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे तुमच्या पक्षाच्या किती बीएलए-२ची नावं पोचली आहेत, ते विचारा. तोंडी सांगितलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

यादी हातात आली की दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक तर ती गेलेलीच नसते. नाहीतर गेलेली असते पण मागच्या निवडणुकीची, त्यात दोन माणसं वारलेली, पाच पक्ष सोडून गेलेली आणि एकाच घरातली चार नावं चार बूथवर. सर्वसाधारणपणे बीएलए त्याच यादी भागातला मतदार असावा अशी अपेक्षा असते. ऐरोलीच्या माणसाचं नाव घणसोली गावच्या बूथला लावलेलं असेल तर ती यादी रात्री बसून कोणीतरी भरलेली आहे, हे उघड आहे.

इथेच तुमचं काम सुरू होतं. त्यासाठी अध्यक्षाची परवानगी लागत नाही, फक्त बीएलए-१ची सही लागते. बीएलए-१ला अशी आयती माणसं हवीच असतात. तुमच्या आसपासचे चार-पाच बूथ मागून घ्या. पन्नास मागू नका, झेपत नाहीत आणि संशयही येतो.

एका बूथचं काम म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. यादीच्या एका पानावर तीस नावं असतात. बूथला आता १२०० मतदारांची कमाल मर्यादा आहे. समजा ११०० नावं आहेत, तर साधारण ३७ पानं आणि अंदाजे चारशे घरं. दोघांची जोडी संध्याकाळी सात ते दहा या वेळात ३५ ते ४० घरं करते. म्हणजे एका बूथला दहा-अकरा संध्याकाळी. दिवसा जाऊ नका, अर्धी दारं बंद असतात. प्रत्येक नावापुढे चारच खुणा करा: आहे, वारला, घर सोडलं, पत्ता लागत नाही. 'आपला की त्यांचा' ही खूण पहिल्या फेरीत अजिबात करू नका. लोकांना त्याचा वास लगेच येतो आणि दुसऱ्यांदा दार उघडत नाही. शिवाय पहिल्या भेटीत माणूस सगळ्यांनाच 'हो, तुम्हालाच' म्हणतो, त्यावर आकडे बांधले की फसगत ठरलेली.

नवी मुंबईतल्या यादीची दुखणीही इथलीच आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू सेक्टर बदलतात, नाव मात्र जुन्या बूथवर राहतं. अशांसाठी फॉर्म ८, पत्ता बदल. नवीन नावासाठी फॉर्म ६. अठरा पूर्ण होण्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे बारावीतली पोरं जानेवारीपर्यंत ताटकळत ठेवायचं कारण नाही. माथाडी वसाहतींमध्ये वेगळाच गुंता. सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडच्या कुटुंबांची नावं गावातही असतात आणि इथेही. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि फॉर्मवर खोटी माहिती लिहिली तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. ही गोष्ट मतदाराला स्पष्ट सांगा आणि निवड त्याच्यावर सोडा. ग्रामपंचायतीच्या वेळी भावकीसाठी गावाला जाणारा माणूस इथलं नाव कमी करायला तयार झाला, तर त्याला अडवू नका. तो तसाही इथे मत देत नव्हता. गावठाणात उलटा प्रकार असतो. एकाच आडनावाची साठ-सत्तर माणसं, घर क्रमांकाच्या जागी रेघ, आणि वडिलांच्या नावावरूनच ओळख पटवायची. तिथे बाहेरचा कार्यकर्ता पाठवलात तर चहा पिऊन परत येतो. गावातलाच माणूस हवा.

नाव वगळण्याचा फॉर्म ७ जपून वापरा. मृत्यूच्या बाबतीत घरच्यांकडूनच दाखल्यासह भरून घेतलेला बरा. विरोधी पक्षाची मतं म्हणून गठ्ठ्याने फॉर्म ७ टाकण्याची कल्पना दर निवडणुकीला कोणाच्या तरी डोक्यात येते. गठ्ठा स्वीकारत नाहीत, प्रत्येक फॉर्मवर सही करणारा स्वतः जबाबदार असतो, आणि चौकशीत तुमचाच पोरगा अडकतो.

गठ्ठ्याचा प्रश्न फॉर्म ६ आणि ८लाही आहे, आणि मेहनत इथेच सर्वांत जास्त वाया जाते. बीएलएला एरवीच्या पुनरीक्षणात, म्हणजे यादी दुरुस्तीच्या मोहिमेत, एका दिवशी दहाच फॉर्म देता येतात, एकूण तीसच्या वर गेले की ते स्वतंत्रपणे पडताळले जातात. विशेष पुनरीक्षणात मर्यादा वेगळी असते, ती त्या वेळी विचारून घ्या. संपर्क कार्यालयात महिनाभर अर्ज साठवायचे आणि शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन जायचं, ही पद्धत म्हणून हमखास बुडते. ज्याचा तो मोबाइलवरून अर्ज भरेल हे सगळ्यात चांगलं. तो संदर्भ क्रमांक वहीत लिहा. बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणारा सरकारी माणूस, पडताळणीला येईल तेव्हा घरात कोणीतरी हवं, नाहीतर 'आढळून आले नाहीत' असा शेरा पडतो आणि अर्ज गेला. आधारच्या प्रती स्वतःकडे ठेवू नका. त्या तुमच्या काही कामाच्या नाहीत, हरवल्या तर मात्र गळ्याशी येतं.

एवढ्या खटाटोपातून मिळतं काय, असं वाटत असेल तर शेजारच्या बेलापूर मतदारसंघाचा २०२४चा विधानसभा निकाल आठवा. फरक ३७७ मतांचा होता. मतदारसंघात बूथ काही शे. बूथमागे एक-दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर आमदार बदलला असता.

महापालिकेच्या यादीचा मामला थोडा वेगळा, आणि ढिम्म अध्यक्षाचा सगळ्यात मोठा फटका तिथे बसतो. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेचीच यादी ठराविक तारखेला घेऊन प्रभागांत फोडतो. मागच्या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नाव आलं तर त्या निवडणुकीत उपयोग नाही. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती मुख्यतः चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांबद्दल. सेक्टरच्या सीमेवरची सोसायटी रस्त्यापलीकडच्या प्रभागात जाते, अख्खी एक विंग गायब होते, हे दरवेळी घडतं. हरकतीची मुदत जेमतेम आठ-पंधरा दिवसांची. त्यात भाग क्रमांक, अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत, सोसायटीचा पत्ता आणि नकाशावर खूण एवढं दिलं तर दुरुस्ती होते. 'यादीत प्रचंड घोळ आहे' असं लेटरहेडवर लिहून पत्रकारांसमोर निवेदन दिलं तर फोटो येतो, नाव हलत नाही. अध्यक्ष नेमका हाच दुसरा प्रकार करत असेल तर तुमच्या चार बूथच्या हरकती तुम्ही घाला. मतदार म्हणून तुमचा तो हक्कच आहे.

आता तिकिटाचं. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सव्वाअकरा लाखांच्या आत-बाहेर होती. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण दहा हजार माणसं. चार सदस्यांच्या प्रभागात ती चाळीस हजारांवर जातात. एका गल्लीतला दांडगा कार्यकर्ता २०१५मध्ये एकट्याच्या जिवावर निवडून येऊ शकत होता, तो आता नाही येत. चौघांचं पॅनल लागतं. आणि १११ पैकी निम्म्या, म्हणजे ५६ जागा महिलांच्या. चारच्या प्रभागात दोन महिला ठरलेल्याच, शिवाय इतर मागास प्रवर्ग आणि अनुसूचित जातीच्या जागा. ज्या पक्षात महिला आघाडी म्हणजे हळदीकुंकू आणि व्यासपीठावर गुच्छ द्यायला दोघी, त्या पक्षाकडे आरक्षणाच्या सोडतीनंतर निम्म्या जागांना उमेदवारच नसतो. मग कोणाची तरी बायको, कोणाची वहिनी आणि शेवटी बाहेरची आयात. तुमच्या प्रश्नातला शेवटच्या दिवसाचा एबी फॉर्म बहुधा याच वाटेने आलेला असणार. त्याला अध्यक्षाचा दुष्टपणा म्हणण्यापेक्षा तयारीचा अभाव म्हणणं जास्त बरोबर, जरी पैशाचा वास प्रत्येक वेळी नसतोच असं म्हणता येत नाही.

म्हणून पॅनल आता जमवा. चार नावं, त्यातल्या दोन स्वतःच्या बळावर बोलू शकणाऱ्या स्त्रिया: बचत गट चालवणारी, सोसायटीची सचिव, अंगणवाडीच्या प्रश्नावर भांडलेली. राखीव जागेची शक्यता असलेल्यांचे जातीचे दाखले आणि जात पडताळणीचा अर्ज आजच मार्गी लावा. निवडणूक लागल्यावर पडताळणी समितीसमोर रांग असते. मालमत्ता कराची थकबाकी बघून ठेवा. एबी फॉर्मबद्दल एवढंच: सही करण्याचा अधिकार कोणाला दिलाय ते आधी माहीत करून घ्या. फॉर्म मूळ हवा आणि सही शाईची. छायाप्रत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालत नाही. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे. ढिम्म नेतृत्व दहा मिनिटं उशिरा पोचतं आणि पाच वर्षं त्याचं खापर वाहतुकीवर फोडतं.

लोकांच्या प्रश्नावरचं काम याच्याबरोबरीने चालू हवं, पण एका वेळी एकच प्रश्न. नवी मुंबईत निम्मी निवेदनं चुकीच्या दारात पडतात. गटार, पदपथ, पाणी हे महापालिकेचं, आधी तुमच्या विभाग कार्यालयात, बेलापूर ते दिघा अशी आठ आहेत. मोकळे भूखंड आणि भाडेपट्टे सिडकोचे. औद्योगिक पट्ट्यातली जमीन एमआयडीसीची. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ठाणे-बेलापूर रस्ता मात्र महापालिकेचा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर तर मेट्रोचं काम एमएमआरडीएचं, खड्ड्याची तक्रार महापालिकेकडे आणि रस्त्याच्या जबाबदारीत सार्वजनिक बांधकामही. यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवतात आणि अध्यक्ष तिघींनाही एकच निवेदन देऊन मोकळा होतो.

निवेदन द्याल तर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांच्या हातात कागद देतानाचा फोटो म्हणजे पोच नव्हे. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र, महिन्याने माहिती अधिकारात 'या क्रमांकावरील टिपणी व झालेल्या कार्यवाहीची प्रत' मागायची. 'का केलं नाही' असा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागता येतो, कारण विचारता येत नाही, आणि जनमाहिती अधिकारी त्याच वाक्यावर अर्ज निकाली काढतो. टिपणी हाती आली की कळतं फाइल कोणाच्या टेबलावर झोपली आहे. त्यात 'निधीअभावी' लिहिलेलं असेल तर मागणी डिसेंबरच्या आत शहर अभियंत्याकडे पुन्हा द्या. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो, नंतर ओरडून वर्ष जातं.

हे सहा-आठ महिने झालं की मग वरिष्ठांसाठीचा कागद. दोन पानं, त्याहून जास्त नाही. विधानसभेचे बूथनिहाय आकडे नमुना २० या निकालपत्रकात मिळतात, महापालिकेचे केंद्रनिहाय आकडे निर्णय अधिकाऱ्याकडे मागता येतात. तुमच्या विभागातल्या बूथचा तक्ता करा: बूथ क्रमांक, मिळालेली मतं, बीएलए नोंदला होता का, मतदानाच्या दिवशी एजंट शेवटपर्यंत बसला का. एजंट नसलेले आणि असलेले बूथ शेजारी शेजारी मांडा. त्याखाली तुमच्या चार बूथवर किती अर्ज भरले, किती मंजूर झाले, त्याचे आकडे. अध्यक्षाबद्दल एकही विशेषण नको. हा कागद पक्षाचा निरीक्षक शहरात येईल तेव्हा त्याच्या हातात द्या, सरकारी विश्रामगृहाच्या गर्दीत नव्हे, आदल्या दिवशी वेळ घेऊन. निरीक्षकाला त्याच्या अहवालात लिहायला आकडे हवेच असतात आणि ते बहुधा त्याला कोणी देत नाही.

उलट न चालणारे मार्ग सगळ्यांना आवडतात. सह्यांची मोहीम घ्या. चाळीस सह्या झाल्या की त्यातल्या बारा जणांना उपाध्यक्ष, सरचिटणीस, अमुक सेलचं निमंत्रकपद मिळतं आणि मोहीम विरते. जम्बो कार्यकारिणी अशाच कारणांनी जम्बो होते. सामूहिक राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागा अध्यक्ष आठवड्यात स्वतःच्या माणसांनी भरतो, मनातून आभार मानतो. निवडणूक आयोगाकडे जाण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. पक्षांतर्गत निवडणूक झाली नाही किंवा अध्यक्ष निष्क्रिय आहे म्हणून आयोग हस्तक्षेप करत नाही, आणि केवळ कामकाज पक्षाच्या घटनेप्रमाणे नाही म्हणून पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितलं आहे. पक्षाची घटना मात्र मिळवून वाचा. कार्यकारिणीची बैठक किती महिन्यांनी बोलवायची आणि किती सदस्यांच्या मागणीवर विशेष बैठक लावावी लागते, ही दोन कलमं शोधा. तशी तरतूद असेल तर लेखी मागणी करा, पोच घ्या, तीही तक्त्याला जोडा.

पक्ष सोडण्याचा निर्णय तुमचा. पक्षांतराचा १९८६चा राज्य कायदा निवडून आलेल्या नगरसेवकाला लागतो, कार्यकर्त्याला नाही, त्यामुळे तुम्ही उद्याही जाऊ शकता. पण आज गेलात तर गळ्यात उपरणं, एक फोटो आणि तिकडच्या जम्बो कार्यकारिणीत एक ओळ, एवढंच पदरात पडेल. तिकडेही जिल्हाध्यक्ष आहेच, आणि त्याच्याकडे पंधरा वर्षं थांबलेले स्वतःचे निष्ठावंत आहेत. चार बूथ हातात असताना गेलात तर बोलणी वेगळी होतात, राहिलात तरी वेगळी होतात. तेव्हा आधी बीएलए-१ कोण आहे ते शोधून काढा. अनेक मतदारसंघांत जिल्हाध्यक्षालाही ते नाव पटकन सांगता येत नाही.